कुंदा कुणाच्या हातून

मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी मी बेळगावात राहिले, तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. ती निपाणीत सासूबाईंपाशी असे. यजमान तंबाखूच्या वखारीत कामाला, त्यामुळे घरी दिवसभर त्या दोघीच. मोटारीचं भाडं परवडत नसल्यानं मला मोठ्या सुट्टीशिवाय जायला मिळत नसे. माझ्या खोलीतली सोबतीण मात्र दर शनिवारी निपाणीला जाई, कारण तिकडची सर्व्हिस मोटार तिचा थोरला भाऊच चालवायचा. ती आमच्याच गल्लीतली, माझ्याहून बरीच लहान, लग्न व्हायचं होतं. मला आक्का म्हणायची.

तिच्याबरोबर मी मुलीसाठी कुंदा, बेळगावची ती खव्याची मिठाई, धाडायची, पळसाच्या पानात घट्ट बांधून. सोय चांगली होती आणि सोय दिसली की ती वाया घालवायची नाही, हा माझा स्वभाव.

परीक्षा जवळ आली तशी मानसशास्त्राची उजळणी आम्ही मिळून सुरू केली. मी खोलीतल्या फळ्यावर विषयाचे भाग पाडले: संवेदना, अवधान, स्मरण, सवय, साहचर्य, उपजत प्रवृत्ती. प्रत्येकाची व्याख्या, एक उदाहरण, वर्गात उपयोग काय. झालेल्या भागापुढे खडूनं फुली. तिचं असं काही नव्हतं. खिडकीत बसून केस विंचरत ऐकायची, आणि मी घोकून घोकून पक्कं केलेलं एका ऐकण्यात म्हणून दाखवायची. ते मला झोंबायचं, पण तेवढं सहन होण्यासारखं होतं.

"आक्का, सवयीला उदाहरण काय घालायचं?"

"चालणं, लिहिणं. पुस्तकात आहे तेच घाल."

"मी तर तुमच्या पोरीचंच घालणार. शनवारी मोटारीचा भोंगा वाजला की ती भरल्या ताटावरनं उठती बघा. खरकट्या हातानं पळत येती, 'मावशी आली, मावशी आली' करत. लई ग्वाड दिसती!"

"ती सवय नव्हे," मी म्हटलं. "ते साहचर्य." आणि पाठ केलेलं म्हणून दाखवायला लागले. कुत्र्याला खाणं देण्याआधी दर वेळी घंटा वाजवली, तर पुढे नुसत्या घंटेनंही त्याला लाळ सुटते. घंटेचा आणि खाण्याचा मनात जोड बसतो.

बोलता बोलता मी थांबले. कुंदा माझा, भोंगा हिच्या भावाचा, आणि पोर हिच्या गळ्यात. इतके महिने हा जोड मीच बसवत होते, तोही स्वतःच्या हातानं बांधून.

"काय झालं, आक्का?"

"काही नाही. पुढचा भाग घे."

पुस्तकात पुढे असंही होतं की घंटा वाजवूनही खाणं दिलं नाही, तर हळूहळू लाळ आटते. त्या शनिवारी मी कुंदा दिला नाही. मिळाला नाही म्हणून सांगितलं. ती परत आल्यावर पिशवी ठेवायच्या आत विचारलं, "रडली का?"

"कशाला रडंल? मोटारीत बसवून नाक्यापत्तर फिरवून आणली. भोंगा वाजवू दिला तिला. कुंद्याचं नावबी काढलं न्हाय."

"आणि माझं?"

"काढलं की. म्हणाली, आईला लई काम असतंय."

मग मी फळ्याकडे तोंड करून उपजत प्रवृत्तींची उजळणी केली. एकही डोक्यात शिरली नाही.

परीक्षेत साहचर्यावर प्रश्न आला. मी कुत्रा लिहिला. बाहेर आल्यावर तिनं हसत सांगितलं, "मी तुमची पोर लिवली." परीक्षकाला माझ्या मुलीची माहिती हिच्या हातून मिळणार होती!

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच मोटारीनं निघालो. या खेपेला कुंदा मी माझ्याच मांडीवर ठेवला होता. तिनं पिशवीत ठेवू का म्हणून विचारलं, तरी दिला नाही. गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. पोर धावत आली, माझ्या अंगावरून पुढे गेली आणि तिच्या कमरेला मिठी मारली.

"अगं, हिकडं बघ! आई आली न्हवं तुझी!" ती पोरीला माझ्याकडे वळवत म्हणाली.

पोर तिच्या पदराआड गेली. सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "लाजायली गं. नवीन मान्सं आली की लाजती ती."

मी रस्त्यातच पान सोडलं आणि कुंद्याचा मोठा तुकडा पुढे धरला. पोर आली, माझ्या हातून तुकडा घेतला, माझ्याकडे बघून जरा हसलीही. मग मागे वळून टाचा उचलल्या आणि पहिला घास मावशीच्या तोंडात घातला.

त्या सुट्टीत मी सोबतिणीला एकदाही घरी बोलावलं नाही. ती मात्र रोज आली, आणि कडी वाजली की दर वेळी माझ्या आधी पोर दाराशी पोचली.