डाव्या हाताची खाट

बातमी वर्तमानपत्राच्या कचेरीत, माझ्या टेबलावरच्या टेलिफोनवर आली. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पलीकडून वॉर्डातली सिस्टर बोलत होती आणि मी सवयीनं समोरच्या कागदावर नाव, वय, वेळ उतरवून घेत होतो. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की नाव माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. प्रमिलाताई उपनगरातल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं नोकरीला होती, त्यातली शेवटची नऊ वर्षं बायकांच्या वॉर्डाची सिस्टर. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्याच वॉर्डात ती रुग्ण म्हणून गेली. तिला तिथं मी नेलं होतं. हा मजकूर लिहायला सहा आठवडे लागले, त्याचं कारण तेच आहे.

मी रात्रपाळीला असलो की दुपारी तिला डबा द्यायला जात असे. लांबट हॉल, दोन्ही बाजूंना वीस-वीस खाटा, उंच खिडक्या, भिंतींना फिकट हिरवा रंग. जेवणं आटोपली की पंख्यांच्या घरघरीत बायका गुंगायच्या आणि बाहेरच्या पिंपळाच्या सावल्या पांढऱ्या चादरींवरून सरकत राहायच्या. पाण्याखालच्या एखाद्या गावात आल्यासारखं वाटायचं... त्या गावाचा एक नियम होता. चाळीस खाटांमागे दोन नर्स, म्हणून ताई नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायची, की डाव्या हाताची खाट तुझी. तिचं सलाइन संपत आलं का, तिनं गोळी घेतली का, हे तू बघायचं; तुझ्याकडं उजवीकडची बघेल. टोकाच्या ज्या बाईला उजवीकडं कोणी नसे, तिच्याकडं ताई स्वतः बघे. भांडी घासणारी आणि शाळेत शिकवणारी अशा दोघी एकमेकींच्या गोळ्यांचा हिशेब ठेवताना मी पाहिल्या आहेत.

वॉर्डाबद्दल तिला भाबडा अभिमान नव्हता. खाटांखाली मांजरं फिरत, औषधं बाहेरून आणायच्या चिठ्ठ्या लिहाव्या लागत, हृदयाचा आलेख काढायचं यंत्र तीन वॉर्डांत मिळून एक होतं. त्यावरून ती वरिष्ठांशी भांडायची. पण बोरिवलीला मुलाच्या सोसायटीत राहायला गेल्यावर तिला वेगळंच भांडण मिळालं. तिथल्या कुटुंबांची रीत ठरलेली होती. मोलकरणीला ताप आला की महापालिकेच्या दवाखान्याचा पत्ता द्यायचा आणि घरातल्या कोणाला आला की नर्सिंग होम गाठायचं. माणसाला नर्सिंग होममध्ये ठेवलं म्हणत, महापालिकेत टाकलं म्हणत. ताई जिन्यातच ऐकवायची, "सर्दीला तिकडं जा. खरंच वाट लागली की तेच तुम्हाला आमच्याकडं धाडतील."

तिचं हृदय थकलं तेव्हा पायांवर सूज चढली आणि आडवं झालं की धाप लागू लागली. सतीशनं, तिच्या एकुलत्या एक मुलानं, तिला अंधेरीच्या एका चांगल्या नर्सिंग होममध्ये स्वतंत्र खोलीत ठेवलं. मी महापालिकेचं नाव काढलं तर तो म्हणाला, "मामा, मी बँकेत ऑफिसर. आईला म्युन्सिपाल्टीत टाकली तर लोक माझ्या तोंडावर थुंकतील ना." त्यात आईवरची माया होती आणि लोकांची भीतीही. दोन्ही वेगळी काढणं त्यालाही जमलं नसतं.

खोली स्वच्छ होती. पलंगाशी हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र होतं, दाराला पडदा, आणि औषध वेळेवर मिळायचं. तक्रारीला जागा नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा ती औषधाच्या गुंगीत होती आणि हलक्या आवाजात काही मोजत होती. अठरा, एकोणीस... मग म्हणाली, अठरा नंबरचं सलाइन संपत आलंय, कोणी बघत कसं नाही? डोळे उघडल्यावर तिनं खोली पाहिली, मला पाहिलं. "बाळू, इथं डाव्या हाताला भिंत आहे रे. मला माझ्या वॉर्डात ने."

संध्याकाळी सतीशशी बोलतो, असं मी म्हणालो. तो नाहीच म्हणणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी आणखी काही दिवस इथंच ठेवा म्हणून बजावलं. तरी 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' या छापील ओळीखाली मी सही केली. सतीश बँकेत होता. संध्याकाळी तो मोसंबी घेऊन आला तेव्हा खोलीत दुसरा रोगी होता.

वॉर्डात ती अकरा दिवस जगली. आलेखाच्या यंत्रासाठी दोनदा थांबावं लागलं. डावीकडच्या खाटेवर गोराईची एक कोळीण होती, साखरेमुळं पायाची जखम चिघळलेली आणि गोळी चुकवण्यात पटाईत. ताई तिच्यावर दिवसभर डाफरायची. त्या दिवसांत ताईचा चेहरा सुटीवर आलेल्या मुलीसारखा मोकळा दिसायचा, असं मला वाटतं. माझी नजर त्या बाबतीत विश्वासार्ह नाही.

सतीशनं स्मशानात एकच वाक्य उच्चारलं, "तिथं ठेवली असती तर आई वाचली असती."

तेराव्यानंतर दोन दिवसांनी तिचा चष्मा आणि थर्मास आणायला आम्ही दोघं वॉर्डात गेलो. दुपारची तीच वेळ, चादरींवर सावल्या. ताईच्या खाटेवर एक तरुण बाई झोपली होती. सतीश कोळणीच्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. आपण मुलगा, एवढं सांगून त्यानं विचारलं, आई शेवटी काय म्हणाली.

"काय नाय. गोली घेतली काय, इतकंच इचारलं माना. मी हो बोलली, तवा तिनं डोले मिटले." मग खिडकीकडं बघत, "घेतली नव्हती."

लॉकरवर कागदाच्या पुडीत आजचीही गोळी तशीच होती. सतीशनं ग्लासात पाणी ओतलं, पुडी उलगडून तिच्यासमोर धरली, आणि गोळी घशाखाली जाईपर्यंत तिथंच उभा राहिला.