सीटखालचा कपलर

गोंडपिपरीच्या मोठ्या रस्त्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. जुन्या जीपा होत्या तोवर मी राजा माणूस. बल्ब लावून बघायचा, पेटला तर वायर चांगली, नाही तर तुटकी. संपलं. मग नव्या गाड्या आल्या आणि डोक्याला ताप झाला. त्यांच्यात जागोजागी छोटे कॉम्प्युटर, आमच्या भाषेत डबे. चावीचा डबा इंजिनाच्या डब्याला कळवतो की चावी आपलीच आहे, मगच इंजिन सुरू होतं. हा निरोप एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून जातो. तो पोहोचला नाही की तुम्ही चावी फिरवत बसा, गाडी ढिम्म. नागपूरला जाऊन मी हे शिकून आलो, स्कॅनर आणला, आणि तरी या गाड्यांना रोज शिव्या घालत होतो.

उन्हाळा सरता सरता जवळच्या गावचे सासरा-जावई अशीच एक गाडी घेऊन आले. दोघंही माझ्या ओळखीचे. जावई सेकंडहँड गाडीतून चंद्रपूरला सवाऱ्या न्यायचा. सासरा गावच्या तलावावर मासे धरायचा आणि त्याच गाडीतून जिवंत मरळ चंद्रपूरच्या बाजारात न्यायचा. मेलेल्या मरळीला कोण विचारतो? म्हणून मागच्या सीटपुढे पाण्याचं पिंप, त्यात मासे, आणि म्हातारा वाटभर त्यांच्यावर ओंजळीनं पाणी मारत बसलेला. आमच्याकडे सगळेच असं नेतात.

पण त्या दिवशी दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. कारण साऱ्या तालुक्याला माहीत होतं. म्हाताऱ्याची एकुलती लेक, म्हणजे जावयाची बायको, घरीच बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. दोघांनी तिला गाडीत घातलं आणि चंद्रपूरची वाट धरली. जंगलात तिनं पाणी मागितलं. जावयानं बोअरिंगपाशी गाडी थांबवली, बंद केली, पाणी आणलं. नंतर गाडी सुरूच झाली नाही. रस्त्यावर दुसरं वाहन नाही. बापाच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला माणसं गेली, तर एका चावीत सुरू! तिथंच सगळं बिघडलं. म्हातारा म्हणू लागला की जावई सकाळी बाजारातून आल्या आल्या मोहाची दारू घेऊन बसला होता, त्याला गाडी चालवता आली नाही, गाडीला काही झालं नव्हतं. नात त्यानं आपल्या घरी ठेवली आणि जावयाला उंबरा बंद केला. शेवटी गावातल्या चार जाणत्यांनी ठरवलं, गाडी वायरिंगवाल्याला दाखवा. दोष निघाला तर पोरगी बापाकडे, नाही निघाला तर आजोबाकडे. म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात.

मी चावी मारली. गाडी लगेच सुरू. म्हाताऱ्यानं फक्त मान हलवली. जावयाचा चेहरा बघवेना.

मी स्कॅनर जोडला. डब्यांनी जुना दोष जपून ठेवलेला असतो, तो दिसला: चावीच्या डब्याचा आणि इंजिनाचा संपर्क तुटला होता. मी ते म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला की मशीन काय, दाबाल ते बोलते, डोळ्यानं दिसेल असं काही दाखवा. रागच आला मला. पण खरं सांगू, त्याचंही चूक नव्हतं. तुटला म्हणजे कशानं, हे माझ्या मशीनला तरी कुठं माहीत होतं?

मग बॅटरी काढली, त्या दोन वायरींना मीटर लावला आणि डॅशबोर्डपासून मागं एकेक जोड हलवत आलो. मागच्या सीटखाली हात घातला आणि मीटरचा आकडा एकदम पडला. हात काढला, पुन्हा वर. दोन्ही वायरी तिथंच कुठंतरी एकमेकींना लागत होत्या. सीट काढली, चटई उचलली. खालचा पत्रा अजून ओलसर होता आणि वास असा आला की मी तोंड फिरवलं. वायरींचा कपलर, म्हणजे जोडायचा प्लास्टिकचा तुकडा, हिरव्या गंजानं भरला होता. उघडला तर पिनांच्या मध्ये एक खवला चिकटलेला.

मला सगळं कळलं. पिंपातलं पाणी सांडलं की गाडी मुकी, उन्हात वाळली की पुन्हा बोलती. त्या सकाळीही म्हातारा बाजार करून याच गाडीतून परतला होता.

माझ्या खांद्यावरून जावयानं तो खवला पाहिला. इतके दिवस ज्यासाठी झुरत होता, ते समोर होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो घाईनं म्हणाला, "भाऊ, उंदीर असन. उंदरानं कातरलं असन ना?"

आणि माझ्याकडे विनवणीच्या नजरेनं बघितलं. मी हो म्हणालो. उंदीरच, म्हणालो. मोहाखाली गाडी उभी केली की उंदीर येतातच, असंही वर ठोकून दिलं. माझं काय जात होतं?

म्हातारा पुढं आला. ज्यानं जन्मभर मासे धरले त्याला आम्ही दोघं शिकवत होतो! त्यानं नखानं तो खवला उचलला, उजेडात धरला.

"मरळीचा आहे," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं खवला धोतराला पुसला, पुन्हा बघितला आणि तसाच मुठीत धरला. मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदा जावयाशी बोलला.

"जवाई, पोरगी घेऊन जा तुमची. माह्या हातचं पानी नोको तिले."

आणि तो गावाच्या रस्त्याला लागला. जावयानं दोनदा हाक मारली, बाबा, गाडीत बसा म्हणून. म्हातारा थांबला नाही. मग जावई माझ्या हातात चावी देऊन त्याच्या मागं चालू लागला.

कपलर मी त्याच दिवशी नवा टाकला. गाडी न्यायला कुणी आलं नाही.