चावी माझ्या खिशात होती

चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. गाडी बंद पडली की आधी लिंबू-मिरची बदलणारी गिऱ्हाइकं मी तोंडावर झापलीत. "अरे, लिंबातून करंट येतो का रे?" असं विचारायचो. भूत, बाधा, भास असलं काही मी आयुष्यात मानलं नाही. फॉल्ट असतो आणि फॉल्टला कारण असतं, बास. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो. कुणी हसलं तरी चालेल.

माझं गॅरेज नगर-पुणे रस्त्यावर, सुप्याच्या थोडं अलीकडं. पत्र्याची शेड, पुढं कडुलिंब. आता कामं कमी झालीत. एमआयडीसीतल्या पोरांच्या गाड्या सगळ्या कॉम्प्युटरच्या, त्या कंपनीच्या सर्व्हिसिंगला जातात. शेजारचा पंक्चरवाला गेला, चहाची टपरी गेली. दिवस दिवस माणसाचं तोंड दिसत नाही.

बायको गेली त्याला दोन वर्षं झाली. शालन तिचं नाव. तिचं गॅरेजशी नातं काय होतं, ते सांगायलाच हवं. जुन्या गाडीचा स्पार्क बघायला माणसं दोन लागतात. एकानं प्लग काढून, वायरला लावून इंजिनावर टेकवायचा आणि डोळे लावून बसायचं. दुसऱ्यानं आत बसून चावी फिरवायची. माझं ते दुसरं माणूस म्हणजे शालन. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण ड्रायव्हर सीटवर मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसायची. मी बॉनेटमधून ओरडायचो, "मार!" की ती सेल्फ मारायची. तोही तिच्या पद्धतीनं... तीन छोटे झटके आणि थांबायची. सलग कधीच नाही. "अवं, ब्याटरी उतरंल न्हवं!" बॅटरीची तिला लई काळजी. मला जे बघायचं ते दिसलं की मी म्हणायचो, "बास!" असं तीस वर्षं चाललं.

मुलगा संदीप पुण्यात असतो. रोज फोनवर एकच धोशा. "अण्णा, कशाला एकटं पडून राहता तिथं? इकडं या." मार्चमध्ये एकदा वैतागून मी म्हणालो, "एक जुनी गाडी आलीये. ती चालू झाली न्हाई तर शटर ओढतो आन् येतो. झालं समाधान?" तो खूश झाला. मी चेष्टेत बोललो नव्हतो. हातातली कला संपली असेल तर इथं बसून करायचं काय?

गाडी होती नगरच्या एका रिटायर्ड मास्तरांची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली, माझ्यापेक्षा वयानं मोठी. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा काही दोष नाही. टेम्पोला बांधून आणली होती. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय झकास, पण पकडत नाही. फिरतंय, फिरतंय... नुसतंच फिरतंय.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पेट्रोल, हवा, स्पार्क, तीनच तर गोष्टी. अहो, मलाही तेच वाटलं! कार्बोरेटर खोलला, धुतला. पेट्रोल व्यवस्थित येत होतं. पॉइंट, कंडेन्सर, चारही प्लग नवे घातले. टायमिंग दोनदा लावलं. तीन दिवस गेले. स्पार्क मात्र डोळ्यांनी बघता येईना, कारण चावी फिरवायला मी आत आणि प्लग बाहेर. बाहेरून वायर जोडून फिरवावा तर सेल्फ पार खाली, तिथं वरून हातही पोचत नाही. मोबाईल लावून व्हिडिओ काढायचा ना, असं म्हणाल. काढला. माझ्याच अंगठ्याचा निघाला. कुणाला बोलवावं तर चालत जाऊन बोलवावं असं जवळ कुणी राहिलेलं नाही, आणि खरं सांगू? मला बोलवायचं नव्हतं. त्या सीटवर दुसरं माणूस बसवायला जीव होत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी दोन-अडीचची वेळ. ऊन नुसतं रणरणत होतं. पाच वाजता मास्तर येणार होते. मी पॉइंटची गॅप परत तपासली. एकटा काम करतो तेव्हा इंजिनात हात घालायच्या आधी चावी काढून शर्टाच्या खिशात टाकतो, बोटं प्यारी आहेत म्हणून. त्या दिवशीही टाकली होती. प्लग वायरला लावून इंजिनावर टेकवला, वाकलो, नजर लावली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"मार!"

आणि सेल्फ लागला.

कर्र... कर्र... कर्र. तीन छोटे झटके. मग थांबला. परत तीन.

मी वर बघितलंच नाही हो! मेकॅनिकची जात... नजर प्लगवर. प्लगला ठिणगी नाही. पण खाली बारीक टिकटिक ऐकू आली. कॉइलमधून निघणारी जाड वायर एका क्लिपखाली तडकली होती आणि निळी ठिणगी तिथूनच बॉडीवर उडत होती. प्लगपर्यंत पोचणार कुठून? तडा खालच्या अंगाला, एरवी दिसणंच शक्य नव्हतं.

"बास, बास! सापडलं!" मी ओरडलो.

थांबलं.

मग मान वर केली. काचेतून सीट दिसत होती. रिकामी. दोन्ही दारं बंद. छातीला काहीतरी टोचत होतं म्हणून हात लावला, तर खिशात चावी.

मी तिथंच टायरला टेकून खाली बसलो. भीती अजिबात वाटली नाही. रडू आलं, एवढंच सांगतो. तिच्या मातीलासुद्धा मी इतका रडलो नव्हतो.

आता जाणकार म्हणतील, सेल्फला करंट जोडणारा सोलेनॉइड चिकटला असेल, वायर शॉर्ट झाली असेल. मलाही अक्कल आहे. शॉर्ट होऊन सेल्फ लागतो, मान्य. पण मग तो फिरतच राहतो, तीन-तीन झटके मोजून देत नाही. आणि मुख्य गोष्ट, चावी बंद असताना कॉइलला करंटच जात नाही. ठिणगी पडूच शकत नाही. मी ती या डोळ्यांनी बघितली. नंतर सगळी वायरिंग उकलून तपासली, स्विच खोलला, चावीशिवाय फिरवायला बघितला. नाही फिरत. पुन्हा तसं घडवून आणायचा तासभर प्रयत्न केला. नाही घडलं.

वायर बदलली, चावी लावली, पहिल्या झटक्यात इंजिन बोललं.

मास्तर आले. बॉनेटवर हात ठेवून लहान पोरासारखे हसले. "काय होतं हो?"

"वायर."

"एवढीशी? सापडली कशी?"

"दिसली," म्हणालो. दुसरं काय सांगणार?

रात्री संदीपचा फोन आला. गाडी चालू झाली म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "म्हंजे तुमी येत न्हाई."

"न्हाई."

"कशासाठी अण्णा? कोन हाय तिथं?"

माझ्याकडे आजही ह्या गोष्टीचा खुलासा नाही आणि नसला तरी माझं काही अडत नाही. जे खातंय ते वेगळंच आहे. तीस वर्षं त्या बाईशी मी कामात दोनच शब्द बोललो, मार आणि बास. कधी 'दमलीस का' म्हणालो नाही, 'उतर, चहा घे' म्हणालो नाही. आणि एवढ्या लांबून एकदा आली, तर तेव्हाही तिला काय म्हणालो मी?

म्हणून गॅरेज बंद केलं नाही. पुन्हा कधी तो सेल्फ लागलाच, तर बॅटरी पार उतरून जाऊ दे... मी बास म्हणणार नाही.