टेडीच्या कापडाचं अस्तर

नॉर्डबीच्या लुथरन चर्चच्या तळघरात दर मंगळवारी बायका गोधड्या शिवायला जमायच्या. त्यांतल्या निम्म्या आर्डिस क्वामेबाईंना घाबरून यायच्या आणि निम्म्या कॉफीसाठी. बाईंचं वय एकोणऐंशी, पाठ काठीसारखी ताठ आणि जिभेला हाड नाही. चौकटीवर ताणलेल्या गोधडीवरून अंगठा फिरवत त्या एकेकीच्या मागे येऊन उभ्या राहत. "हा टाका आहे की कुंपणाचा खांब गं? दोन टाक्यांमधून गाय जाईल." एका इंचात दहा टाके, हा त्यांचा कायदा. नऊ आले तर घरी जाऊन पोती शिवायची, असं त्या तोंडावर सांगत, आणि ज्यांना सांगितलं त्यांतल्या दोघीतिघी खरंच परत आल्या नाहीत.

गावातलं जे पोर शाळा संपवून बाहेर पडेल त्याला चर्चच्या बायकांनी एक गोधडी द्यायची, हा तिथला जुना रिवाज. मे महिन्यातल्या एका रविवारी त्या गोधड्या बाकांच्या पाठींवर पसरून ठेवतात. प्रार्थना झाली की घरचं माणूस उठतं आणि आपल्या हातानं ती पोराच्या खांद्यांवर घालतं. सगळं गाव बघत असतं. पोरापेक्षा टाक्यांकडेच जास्त बघतं म्हणा ना.

त्या वर्षी बाईंच्या नातीची, ब्रिनची पाळी होती. ब्रिन चार वर्षांची असताना तिचा बाप, म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा, मक्याच्या कोठीत गाडला जाऊन गुदमरून गेला. आई वर्षभरात ॲरिझोनाला निघून गेली आणि नाताळाला कार्ड पाठवायची. पोर बाईंनी वाढवली. आता ती शिकायला सिॲटलला चालली होती, गाडीनं दोन दिवसांच्या वाटेवर.

"आजी, माझ्या गोधडीला अस्तर टेडीच्या कापडाचं लाव," ब्रिन म्हणाली. "ते मऊ असतं ना, लव असलेलं."

"ते कापड आहे होय? खेळण्यातल्या अस्वलाचं कातडं ते!"

"मग जा, मार एखादं अस्वल माझ्यासाठी."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर बाईंनी त्याची सालटी काढली असती. नातीपुढे मात्र हसल्या. शेजारणीच्या गाडीत बसून फार्गोला गेल्या, आणि आयुष्यभर ज्या कापडाला नावं ठेवली तेच करड्या रंगाचं चार वार घेऊन आल्या. दुकानातच त्यांनी ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं होतं. उभं ओढलं की गप्प राहतं, आडवं ओढलं की रबरासारखं ताणतं. त्यामुळे सुती अस्तर जसं ढोलासारखं ताणून बसवतात तसं हे बसवायचं नाही, एवढं त्यांच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. चौकटीवर ताणलं तर उतरवल्यावर ते परत आक्रसणार आणि वरची सगळी मेहनत सुरकुतणार. बाईंनी ते सैल सोडलं, लव वरून खाली जाईल अशी दिशा ठेवली आणि बोटाबोटावर टाचण्या मारल्या. कापलेल्या कडांतून करडी लव उडून कॉफीत पडली, लिंबाच्या वड्यांवर बसली, सगळ्याजणी शिंकायला लागल्या.

"या गोधडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," बाईंनी जाहीर केलं. "एकूण एक टाका माझा."

कारण होतं. सहा वर्षांपूर्वी बाईंच्या नजरेच्या मधोमध एक डाग आला होता, तो वाढत वाढत आता ताटलीएवढा झाला होता. पुढच्या नाताळापर्यंत स्वतःचा हातही दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही शेवटचीच गोधडी. पोरीला परक्या गावात रडू येईल तेव्हा अंगावर ओढायला एक तरी गोष्ट निव्वळ आपल्या हातची असावी, एवढीच बाईंची इच्छा होती. बाकी त्यांना कशाची पर्वा नव्हती. "डोळे गेले तर जाऊ देत, माझ्या बोटांना डोळे आहेत," असं त्या म्हणायच्या. खोटंही वाटायचं नाही. दर गोधडी पुरी झाली की त्या अंगठा फिरवून टाके मोजत आणि दर वेळी इंचात बरोबर दहा भरत. मग त्या तळघरभर अशा बघायच्या, की तरण्या डोळ्यांच्या बायकांनी माना खाली घालाव्यात.

माना खाली जायच्या, पण निराळ्या कारणानं. ऐका तर.

बाई आता गाडी चालवत नसत. तीन वाजता शेजारीण हॉर्न वाजवायची आणि त्या निघायच्या. गाडी कोपऱ्यावर वळली की शिवणाऱ्यांतली जनेल रुस्टाड तळघराचं दार लावून घ्यायची, खणातून टाके उसवायच्या चार पाती काढायची, आणि सगळ्याजणी मिळून बाईंचा दिवसभराचा टाका न् टाका उसवायच्या. इंचात चार टाके, तेसुद्धा दारू प्यायल्यासारखे वाकडे. भोकं नखानं घासून बुजवायची, पाण्याचा हात फिरवायचा आणि पुन्हा दहाच्या हिशेबानं शिवायचं. सहा वर्षं हे चाललं होतं. हसत-खिदळत चाललं होतं हेही सांगायला हवं. जनेलला कोण्या एके काळी बाईंनी तिच्या सासूसमोर अख्खी किनार उसवायला लावली होती. अट्ठावन्न वर्षांची झाली तरी ती ते विसरली नव्हती. तिला बाईंची दया येत होती की गंमत वाटत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि ही रीत पाडली कुणी? आर्डिसबाईंनीच. पस्तीस वर्षांपूर्वी सेल्मा ब्रेके नावाच्या म्हातारीचे हात थरथरायला लागले, तेव्हा ती घरी गेली की बाई तिचे टाके उसवायच्या आणि दोन बोटांनी धागा वर धरून म्हणायच्या, "हे बघा, सेल्माची शेवई!" एकदा केकचा साचा विसरला म्हणून सेल्मा परत आली. बाईंच्या हातात पाती होती आणि समोर तिच्याच टाक्यांचा ढीग. सेल्मा म्हणाली, "माझा साचा राहिला," साचा काखेत घेतला आणि गेली. पुढच्या मंगळवारी पुन्हा आली, त्याच खुर्चीत बसून शिवायला लागली. बाई तेव्हा असं धरून चालल्या, की म्हातारीला काही दिसलंच नसावं.

तर आता हे टेडीचं अस्तर.

"हिला हात नको लावूया," कॉर्लिस म्हणाली. ही त्यांच्यात सगळ्यात भित्री. "नातीची आहे. त्यांनी बजावून ठेवलंय."

"लव एवढी दाट आहे, खालून टाका दिसणारही नाही, मान्य," जनेल म्हणाली. "पण वरून दिसतो ना! रविवारी सगळं गाव बघणार. चर्चची अब्रू आहे की नाही काही? आण ती पाती."

बाई आता रोज येत होत्या, म्हणून या रोज उसवत होत्या. सुती कापडात सहा वर्षं मुरलेले हात ते. वरून टाका कापायचा, मग चौकटीखाली हात घालून धागा चाचपडत ओढायचा, अडला की खालून पातीचं टोक लावायचं. पण लवेत धागा सापडतोय कुठे? टाका समजून पाती अस्तरालाच लागत होती. विणलेलंच कापड ते, होजिअरीसारखं. एक फासा तुटला की शेजारचे चार सुटायचे, आणि धागा खेचला की लवेचे पुंजके उपटून यायचे. गोधडीची पाठ जमिनीकडे होती, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. वाकून बघायचं एकीलाही सुचलं नाही, सवयच नव्हती ना.

रविवार चार दिवसांवर आला. बुधवारी बाईंनी अंधार पडेपर्यंत बसून कडेची शेवटची वीतभर पट्टी शिवली, म्हणून बाकीच्या सकाळी उसवू म्हणत घरी गेल्या. आणि गुरुवारी सकाळी बाई आठलाच हजर झाल्या, जनेलच्याही आधी. त्यामुळे ती पट्टी उसवायची राहून गेली. गोधडी चौकटीवरून सोडली, बाईंनी ती मांडीवर पालथी घेतली आणि नातीच्या गालाला कसं वाटेल ते बघावं म्हणून लवेवरून तळहात फिरवला.

हात थांबला. लवेत टक्कल पडल्यासारख्या वाटा लागत होत्या, रांगेनं, अगदी शिवणीच्या रेषेवर. पुढे बोट भोकात गेलं. आणखी पुढे दुसरं भोक. तिसऱ्यात करंगळी पार पेरापर्यंत गेली.

"उंदीर असतील," जनेल म्हणाली.

"उंदीर रांगेनं कुरतडतात का गं?"

बाईंनी भोकाची कड नखानं चाचपली. उसवताना पाती घसरली की पडतात तशी ही भोकं, त्यांच्या बोटांना काय परकी होती!

"कधीपासून?"

"सहा वर्षं," कॉर्लिस म्हणाली आणि रडायला लागली.

"सगळ्या गोधड्या?"

"सगळ्या, आर्डिसबाई."

एक्केचाळीस पोरांच्या खांद्यांवर गोधड्या गेल्या होत्या. बाईंनी प्रत्येकीवर अंगठा फिरवला होता, दहा मोजले होते आणि मान ताठ करून घरी गेल्या होत्या. त्यांतला एकसुद्धा टाका त्यांचा नव्हता. दुसऱ्यांच्या टाक्यांचा तोरा मिरवला होता त्यांनी, आणि समोर बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

"एकीनंही तोंड उघडू नये? एकीनंही?"

"तुम्ही सेल्माबाईंना सांगितलं होतंत?" जनेल शांतपणे म्हणाली. "मी तेवीस वर्षांची होते. माझ्या हातात पहिली पाती तुम्हीच दिलीत. विसरलात?"

बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी गोधडी सुलटी केली आणि कडेपासून अंगठा फिरवायला लागल्या. एक पट्टी खडबडीत लागली. टाका, मग भलंमोठं अंतर, मग तिरका टाका, मग एकावर एक दोन.

"हे कुणाचं?"

सहा वर्षांत पहिल्यांदा बाईंच्या बोटांना स्वतःचा टाका लागला होता.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "शेवईच की."

जनेलचाही आवाज जरा उतरला. "उरलेल्या कापडाची ठिगळं लावतो, लवेत दिसणार नाहीत. आणि ती पट्टी... ती उसवून पुन्हा घालू का?"

"त्या पट्टीला हात लावलास तर बोटं तोडीन." बाईंचा आवाज चिरका झाला. "भोकं बुजवा तुमची. तेवढी वीतभर माझी राहू दे तिच्याकडे."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. ठिगळं खरंच दिसत नव्हती. बाई बाकाला धरून उठल्या आणि चाचपडत गोधडी ब्रिनच्या खांद्यांवर घातली. पोरीनं लवेत तोंड खुपसलं.

"आजी! कसलं मऊ आहे! आणि हे टाके बघ, छापल्यासारखे. सगळं तू केलंस?"

"मग काय!"

प्रार्थना संपली, लोक जवळ आले, गोधडी हाताळायला लागले. ब्रिन ती उलटसुलट करून सगळ्यांना दाखवत होती. कडेची पट्टी तिच्या हाताशी आली आणि ती खळखळून हसली.

"आणि हे काय? इथे कुणी पिऊन बसलं होतं का? आजी, तुझ्या गोधडीला दुसऱ्या कुणीतरी हात लावला वाटतं! पाच वर्षांचं पोरही बरं शिवेल."

जनेल शेजारच्याच बाकाशी उभी होती. बाईंना तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती तिथे आहे हे त्यांना कळत होतं. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. नातीनं गळ्यात पडून माफीही मागितली असती. पण मग उरलेली सगळी गोधडी कुणाची, हेही सांगावं लागलं असतं.

"जनेलचं काम ते," बाई म्हणाल्या. "घाई झाली, म्हटलं कर थोडंसं. तिचा हात पहिल्यापासून तसलाच."

सगळ्या जनेलकडे बघायला लागल्या. तिच्या मानेपर्यंत लाली चढली. एक क्षण वाटलं, आता ही बिंग फोडणार.

"हो," जनेल म्हणाली. "मीच केलं ते. चुकलंच माझं."

"जाऊ दे हो जनेलबाई," ब्रिन हसत म्हणाली. "आजी, मी जायच्या आधी तेवढं उसवून तू पुन्हा घाल ना. सगळीच्या सगळी तुझ्या हातची असू दे मला."

"घालते," बाई म्हणाल्या.

सगळे वर केक खात होते तेव्हा दोघी खाली तळघरात आल्या. बाईंनी हात पुढे केला, जनेलनं त्यावर पाती ठेवली. "मी उसवू का?" असं तिनं एकदा विचारलं, पण बाईंनी मान हलवली. एका अंगठ्यानं टाका चाचपत, वरूनच एकेक कापत आणि धागा वरूनच ओढत त्या पुढे सरकत होत्या. मागून जनेल सुई घेऊन त्याच रेषेवर शिवत येत होती. नात वरून हाक मारत होती, तिला फोटो काढायचा होता.

"किती पडतायत?" बाईंनी विचारलं.

"दहा."

"नऊ पडले तर घरी जा."

वीतभर पट्टी ती, किती वेळ लागणार? शेवटचा धागा निघाला. बाईंनी तो मांडीवरच्या बाकीच्या धाग्यांत टाकला, गोधडी पालथी केली आणि अस्तरावरून तळहात फिरवला. एकही भोक नव्हतं. मग जनेलचं मनगट धरून त्यांनी तिचा हात तिथे टेकवला.

"बघ," बाई म्हणाल्या. "असं उसवायचं असतं. अस्तराला धक्का न लावता."