बारीक ब्रश

मी मूळची पेणची, गणपतीच्या कारखान्यातली. आमच्याकडं पोरं चालायच्या आधी रंगात हात घालतात. लग्न होऊन रोह्याला आले, नदीपलीकडच्या अष्टमी गावात संसार थाटला, तरी दर पावसाळ्यात माहेरी जाऊन बाबांच्या हाताखाली बसायचे. मूर्तीचा पितांबर माझा, शेला माझा, दागिने माझे. डोळे मात्र बाबांचे. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. ती साधली तर मूर्ती आपल्याकडं बघते, बिघडली तर सगळी मेहनत पाण्यात. त्या आखणीचा बारीक ब्रश कुणी मागायचा नसतो, मोठ्यानं आपणहून हातात द्यायचा असतो. मी वाट बघत होते. वाट बघता बघता दोन लेकरांची आई झाले.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बाबांचा हात थरथरायला लागला होता. एका उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा कळलं, यंदा आखणीला बाहेरचा कारागीर येणार. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. रोह्याला परतले आणि घर डोक्यावर घेतलं. भांडी आपटली, मुलांवर ओरडले, दूधवाल्यालाही सोडलं नाही. शेवटी नवरा म्हणाला, "माझ्याशी भांडतेस ते ठीक हाय गो, पण आता कुकरशीपण?"

त्याच्या कंपनीनं तेव्हा पुण्याहून एक बाई बोलावल्या होत्या. दर बुधवारी यायच्या, कामगारांशी आणि त्यांच्या घरच्यांशी एकेकट्याशी बोलायच्या. अशांना आता लाइफ कोच म्हणतात म्हणे. आम्हाला तेव्हा कोच ठाऊक तो कबड्डीचा. शेजारणी त्यांना डोक्याची डॉक्टरीण म्हणायच्या. "मी काय वेडी हाय?" असं म्हणत तणतणतच गेले.

बाईंनी विचारलं, राग कशाचा येतो. मी पाढाच वाचला. नळाला पाणी नाही, नवऱ्याची शिफ्ट, सासूबाईंचं पथ्य, मुलांचा अभ्यास. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "यातलं काय उद्या नीट झालं, तर तुमचा राग जाईल?"

मी विचार केला. पाणी आलं तरी जाणार नव्हता. नवऱ्याची रात्रपाळी सुटली तरी नाही. "अहो, तुम्हीच सांगा ना! प्रश्न काय विचारता?" मी उखडले. त्या हसल्या, आणि गप्पच बसल्या. काय बाई त्यांचं ते गप्प बसणं! त्याचा मला इतका वैताग आला की तोंडून निघून गेलं, "मला डोळे काढायचेत." आणि रडूच फुटलं. रडत रडत मूर्तींचं, बाबांचं, ब्रशाचं सगळं सांगितलं.

पुढच्या बुधवारी आपल्या पायांनी गेले.

"वडिलांना हे ठाऊक आहे?"

"त्यांना कळायला नको? इतकी वर्षं शेजारी बसतेय!"

"तुम्ही सांगितलंत?"

"आमच्यात मागायचं नसतं."

"आणि मागितलंत तर काय होईल?"

"नाही म्हणतील."

"मग?"

या 'मग'पाशी मी अडकले. कारण मग काहीच नव्हतं. नुसता तो नकार होता, आणि तो बाबांच्या तोंडून ऐकायची मला भीती वाटत होती. त्यापेक्षा रागावून बसणं सोपं. मी इतकी वर्षं एकच वाक्य गिळत आले होते आणि त्याचा राग भांड्यांवर काढत होते, हे त्या खोलीत, त्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा दिसलं. बाईंनी ते सांगितलं असतं, तर मी त्यांच्याशीही भांडले असते. उठताना एवढंच म्हणाल्या, "बोलाल तेव्हा टोमणा नको. साधं बोला."

रविवारी एसटी पकडली. नागोठण्यापर्यंत वाक्य घोकत होते, पुढं तेही विसरले. बाबा अंगणात साचे धूत बसले होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "बाबा, मला डोळे आखायचेत."

त्यांनी हातातला साचा खाली ठेवला. ओले हात धोतराला पुसले. मला वाटलं, झालं, संपलं.

"दरसाली वाटायचं, आज तरी पोर म्हणंल," ते म्हणाले. "पण तू आता दुसऱ्याची. तुझा संसार, तुझी पोरं. दिल्या लेकीकडं बापानं काय मागायचं? म्हणून गप ऱ्हायलो. मला वाटलं, तुला नकोच हाय ते."

म्हणजे बाप तिकडं गप्प, लेक इकडं गप्प, आणि मार खाल्ला माझ्या पातेल्यांनी! मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. बाबा आत गेले, बारीक ब्रश आणून माझ्या हातात दिला. कारागिराला नको म्हणून निरोप गेला. पहिले काही डोळे चुकले. बाबांनी पुसून पुन्हा काढायला लावले. बाई त्यानंतर वर्षभर येत होत्या. त्यांनी मला एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, आणि त्यांच्याइतके उपकार माझ्यावर क्वचितच कुणी केले असतील.

त्या साली चतुर्थीच्या आधी कारखाना रिकामा झाला. फडताळावर आमच्या घरचा गणपती तेवढा राहिला होता. त्याचे डोळे आजवर बाबांखेरीज कुणी काढले नव्हते, आणि ते काढू द्या असं मीही म्हटलं नव्हतं. बाबा जवळ येऊन उभे राहिले. हात मागं बांधलेले.

"एक मागू गो तुझ्याकडं?"

बाबांनी माझ्याकडं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. "मागा की, बाबा."

"याचे डोळे तू काढ."

मी ब्रश उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "आणि चुकले तर?"

"चुकू दे," बाबा म्हणाले. "आपलाच हाय तो."