काटा बेपत्ता, सावली हिरव्यात

अन्याय झाला तो आमचे फोर्कलिफ्ट-चालक नामदेव सोनकुसरे यांच्यावर. १९८२ च्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार, पहिली पाळी, सकाळी सव्वानऊची वेळ. तिथून सुरुवात झाली आणि शनिवारी त्यांच्या हातात निलंबनाचा कागद पडला. जागा — हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना, मालाची शेड, बॅटरीवर चालणारी, ओझं उचलून नेणारी दोन नंबरची गाडी, म्हणजे फोर्कलिफ्ट. दिवसाढवळ्या. कोणी प्यायलेलं नाही.

हे आधीच सांगतो, कारण या साप्ताहिकाच्या भुताखेतांच्या सदरातल्या बहुतेक गोष्टी अमावास्येला चिंचेखाली घडतात आणि मी त्या वाचून आजवर हसत आलो आहे. मी स्टोअरमधला क्लार्क आणि युनियनची पत्रकं लिहिणारा. भानामती, अंगात येणं, लिंबू-मिरची... सगळ्यांवर लिहून झालंय, फाटकावर उभं राहून वाटून झालंय. "कारण नसतं असं काही नसतं, शोधणारा आळशी असतो" हे वाक्य माझं आहे. तेच आता माझ्या अंगाशी आलंय.

गाडीवर बॅटरीचं मीटर असतं. पांढरी तबकडी, त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे आणि एक काळा काटा. काटा लालमध्ये गेला की गाडी चार्जिंगला लावायची. दर तासाला काटा कुठे आहे ते चालकाने रजिस्टरात लिहायचं, असा नियम.

सव्वानऊला नामदेवभाऊंनी हाक मारली. "ओ बाबू, या बरं इकडं. काटा कुठी गेला पाहा."

"पडला असेल खाली."

"पडला असता तं काचेत दिसला असता ना गा! काच तं बंद आहे."

मी पाहिलं. काच सीलबंद. काटा शून्यावर नाही, तुटून पडलेलाही नाही. नाहीच.

इलेक्ट्रिशियन वसंतराव आले. त्यांनी फ्यूज पाहिला, वायरी ओढून पाहिल्या, बॅटरीची टोकं घासली. हातातल्या मीटरने बॅटरी मोजली — ठणठणीत. मग एक नंबरच्या गाडीचं मीटर काढून दोनला बसवलं. हातात होतं तोवर काटा होता, शेवटचा स्क्रू आवळला आणि गेला! आमचं बिघडलेलं मीटर एक नंबरला लावलं, तर तिथे काटा हजर, हिरव्यात.

"म्हणजे वायरिंग खराब," मी म्हणालो. आणि लगेच माझाच मला राग आला. वायर खराब असली तर काटा पडेल, थरथरेल. दिसेनासा कसा होईल?

"तू पत्रकं लिहितो ना? मग लिही," वसंतराव वैतागले. "मले काहून विचारून राहिला?"

शेवटी उजेड कमी पडतो म्हणून गाडी अंगणात काढली. कोवळं, तिरपं ऊन तबकडीवर पडलं... आणि तिथे सावली होती. सुईसारखी बारीक, सरळ, हिरव्या पट्ट्यावर. काटा नाही, फक्त त्याची सावली. नामदेवभाऊंनी ओझं उचललं तशी ती जराशी खाली झुकली, ओझं ठेवलं तशी वर आली. अगदी काट्यासारखी.

हे चौघांनी पाहिलं. चौथे आमचे मॅनेजरसाहेब. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकून पाहिलं. मग म्हणाले, "सावली हिरव्यात आहे ना? मग चालवा."

दहाला आणि अकराला नामदेवभाऊ गाडी उन्हात नेऊन पाहून आले आणि त्यांनी रजिस्टरात लिहिलं : "काटा नाही. सावली हिरव्यात." मग सुपरवायझर ओरडला की सावल्या पाहायला पगार मिळत नाही. बाराची नोंद : "काटा नाही. सावली पाहू दिली नाही." एकला तेच. दोनला तेच.

पावणेतीनला गाडी भरल्या ओझ्यासकट फाटकाच्या मधोमध बंद पडली. दुसऱ्या पाळीची बस बाहेर अडकली आणि फाटकावरून सावलीची गोष्ट बसमध्ये पोचली. खिडकीतून शेषराव — दुसऱ्या पाळीत हीच गाडी चालवतो तो — ओरडला, "काय नामदेवभाऊ, सावली बी गेली का आता?" सगळी बस हसली.

चारला बाहेरचा मेकॅनिक आला. काटा जागेवर होता. लालमध्ये, शहाण्या मुलासारखा.

आरोपपत्रात लिहिलंय : मीटरकडे दुर्लक्ष केलं आणि रजिस्टरात "अंधश्रद्धा पसरवणाऱ्या खोट्या नोंदी" केल्या. अंधश्रद्धा! हा शब्द शेडमध्ये आणला मी, आणि तो वापरला कोणावर? ज्याने डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिलं त्याच्यावर. नोंदी खोट्या होत्या असं लिहून दिलं तर ताकीद देऊन सोडू, असं साहेबांनी सुचवलं. चौदा वर्षांची नोकरी आहे, द्या लिहून, असं मीसुद्धा म्हणालो — लाज वाटते, पण म्हणालो.

"दिसला नाही म्हणून ‘नाही’ लिहिलं," नामदेवभाऊ म्हणाले. "आता ‘दिसला होता’ म्हणून कसा लिहू गा?"

बचावासाठी मी जुनं रजिस्टर चाळलं. दुसऱ्या पाळीच्या नोंदी — हिरवा, हिरवा, हिरवा. एकच शाई, एकच वळण. शेषरावला गाठलं.

"मले तं दसऱ्यापासून काटा कधी दिसते, कधी नाही," तो सहज म्हणाला.

"मग हिरवा काहून लिहिलं?"

"अरे बाबू, हिरवा तं आपण पाळी लागली की आठही तासांचा लिहून मोकळे. सारेच लिहितात. नामदेवनंच काहून नाही लिहिला, ते विचार ना त्याले!"

चौकशीत बोलशील का म्हटलं, तर त्याने तंबाखू मळायला घेतली. वसंतरावांना रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. साहेबांना आता सावली आठवत नाही. राहिलो मी. आणि मला विचारतील, काटा गेला कुठे? मला माहीत नाही. रोज त्या गाडीपाशी जाऊन उभा राहतो. काटा असतो. कधी मोडलाच नव्हता असा असतो. काचेवरची चमक, नजरेचा कोन, चुंबक — सगळं धरून पाहिलं, एकही टिकलं नाही. स्पष्टीकरण नाही म्हणजे नाही.

तेव्हा वाचकहो, मला अंगारा सुचवू नका, मांत्रिकाचा पत्ता पाठवू नका. हिंगण्यात आणि इतर कारखान्यांत बॅटरीच्या गाड्या चालवणारे तुमच्यात कितीतरी जण आहेत. काटा दिसत नसताना तुम्ही कधी "हिरवा" लिहिलं असेल, तर तेवढंच एका पोस्टकार्डावर लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवा. खाली खरं नाव, कारखाना, पाळी आणि सही. चौकशी पंधरा दिवसांवर आली आहे, तिथे ही कार्डं मी मांडणार आहे. कार्ड उद्याच टाका.