रोज चार वाजता येणारं नाव

मी नोकरीसाठी गुडगावला आले तेव्हा आमच्या इमारतीसमोर अजून मोहरीचं शेत होतं. बघता बघता तिथे काचेचे तीन टॉवर उभे राहिले, माझ्या ओळखी मात्र लिफ्टपुरत्याच राहिल्या. फार एकटं वाटायचं. ते कबूल करायची लाज वाटायची, म्हणून कोणी विचारलं की कामात आहे असं सांगायचे.

रविवारी करोल बागेजवळच्या मराठी मंडळात जायचे. मी सॉफ्टवेअरवाली आहे हे कळताच चिटणीसांनी सभासदांच्या छापील यादीचं मोबाइल अ‍ॅप करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. यादीत प्रत्येक घराचा एक चौकोन होता: वर कुटुंबप्रमुख, खाली बायको, मुलं, पत्ता. मी आळशीपणाने अख्खा चौकोन एकच मजकूर म्हणून भरला आणि तिथेच माती खाल्ली. कुणाचं नाव टाकलं की अ‍ॅप पहिल्या घरापासून एकेक चौकोन अक्षर न् अक्षर वाचत जायचं आणि पडद्यावर चाक फिरत बसायचं.

"अगं, तुझं अ‍ॅप शोधेपर्यंत माझा चहा पिऊन होतो," चिटणीस सगळ्यांदेखत म्हणाले. मी जाम चिडले. कोणता शोध किती रेंगाळतो याची नोंद ठेवायला सुरुवात केली.

आठवड्याने पाहिलं, तर सगळ्यात रेंगाळणारा शोध रोज एकच. दुपारी चारच्या सुमारास, एकाच फोनवरून, एका बाईचं पूर्ण नाव. नाव सापडलं की अ‍ॅप थांबायचं. पण हे नाव यादीत नव्हतंच, त्यामुळे ते शेवटच्या घरापर्यंत वाचून रिकाम्या हाताने परत यायचं. या माणसाला काही कामधंदा नाही का, असं पुटपुटत मी नोंदवलेल्या नंबरवर फोन लावला.

"हां जी, बोलिए," एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. मी मराठीत मंडळाचं नाव सांगितल्यावर त्या सैलावल्या.

"काकू, तुम्ही रोज कुणाला शोधताय?"

"मलाच गं."

त्याच पुढे बोलू लागल्या. "हे गेले, मग मोबाइलवर नवी यादी आली. ह्यांचं नाव काढलं, बिल्कुल ठीक. पण माझंही गेलं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून मंडळाचं बोलावणं कधी चुकलं नव्हतं. यादी बघूनच फोन करतात ना? म्हटलं, कुणाच्या लक्षात आलं तर घालतील परत. म्हणून जेवण झालं, जरा पडून झालं, की बघते."

चिटणीसांनी दिवंगतांच्या नावांवर खुणा करून कागद दिला होता, आणि खूण दिसली की अख्खा चौकोन पुसणारी मीच होते. मी तसं सांगितलं, माफी मागितली.

"अच्छा, तू होतीस का? चलो, होतं असं," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे दोन शनिवार-रविवार मी घरातच बसले. चौकोन मोडले, पुसलेल्या घरांतल्या हयात माणसांना परत घेतलं आणि प्रत्येकाची वेगळी नोंद केली. पुस्तकाच्या शेवटी असते तशी नावांची सूची आधीच करून ठेवली, म्हणजे दरवेळी सगळी घरं वाचायला नकोत.

"कुटुंबप्रमुख कुठे गेले?" चिटणीसांनी विचारलं.

"आहेत की, बाकीच्यांसारखेच."

आता नाव टाकायचा अवकाश, माणूस हजर. मंडळात माझं कौतुक झालं. सोमवारी चार वाजता काकूंचं नाव आलं, क्षणात सापडलं. मंगळवारीही आलं. बुधवारीही. मग मला राहवेना.

"काकू, सापडतं ना आता?"

"हो गं, बोट उचलायच्या आत. रागावू नकोस हं, पण आधीचं बरं होतं. ते चाक फिरत असायचं ना, तेवढा वेळ वाटायचं, कुणीतरी आपल्याला शोधतंय."

त्यांचा पत्ता माझ्यासमोर पडद्यावरच होता. तरी मी विचारलं, "काकू, तुमच्याकडे यायचं कसं?" त्यांनी मेट्रो स्टेशनपासून सांगायला सुरुवात केली, सावकाश, एकेक वळण घेत, आणि मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.